ओढणे, सोडणे आणि स्वीकारणे : वेबपानावरील घटना व मराठी वाक्य

४.० उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर, वेबपानावर एखादा शब्द उचलून दुसरीकडे ठेवताना कोणत्या घटना कोणत्या क्रमाने घडतात, हे आपणांस सांगता येईल. तसेच मराठीचा असा स्वाध्याय तयार करताना काय उचलू द्यावे आणि कोठे ठेवू द्यावे, हे निर्णय आज्ञावली लिहिणाऱ्याचे नसून भाषेच्या अभ्यासकाचे का आहेत, याचे सोदाहरण विवेचन करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, काही वर्षांपूर्वी कोल्हापुरात आमच्या संपर्कसत्रासाठी आम्ही एक छोटा संगणकीय स्वाध्याय तयार केला होता. पडद्यावर पाच शब्दपाट्या विखुरलेल्या दिसत : ‘आजीने’, ‘सकाळी’, ‘अंगणात’, ‘सडा’, ‘घातला’. विद्यार्थ्याने त्या एकेक उचलून खालच्या ओळीत ठेवायच्या आणि वाक्य पूर्ण करायचे. उत्तर बरोबर असेल तर ओळ हिरवी होई, चूक असेल तर तांबडी. आज्ञावली एका तरुण सहकाऱ्याने लिहिली होती. उत्तरसूची मी दिली होती : ‘आजीने सकाळी अंगणात सडा घातला.’

आमच्या एका विद्यार्थिनीने पाट्या मांडून वाक्य केले, ‘सकाळी आजीने अंगणात सडा घातला.’ ओळ तांबडी झाली. त्या बाई संसार सांभाळून, बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर पुन्हा शिकत होत्या. त्यांनी तीनचार वेळा पाट्या हलवून पाहिल्या आणि अखेर ओळ हिरवी झाली. नंतर त्यांची वही पाहिली, तेव्हा तीत स्वच्छ अक्षरांत लिहिले होते : ‘वाक्याची सुरुवात नेहमी कर्त्याने करावी.’ असा नियम मराठीत नाही. तो त्यांना कोणी शिकवलाही नव्हता. यंत्राच्या तांबड्या रंगावरून त्यांनी तो स्वतःच काढला होता. जन्मभर जी भाषा त्या बिनचूक बोलत आल्या, तिच्याविषयीच्या स्वतःच्या जाणिवेपेक्षा त्यांनी पडद्यावर अधिक विश्वास ठेवला.

त्यात यंत्राचा दोष नव्हता, बाईंचा तर नव्हताच. पाटी कोठे स्वीकारायची, हे ठरवताना मी पुरेसा विचार केला नव्हता. आज शालेय अभ्यासापासून स्पर्धा परीक्षांच्या सरावापर्यंत असे स्वाध्याय सर्वत्र दिसतात. आपल्यापैकी अनेक जण शिक्षक आहेत किंवा होणार आहेत आणि उद्या अशी उत्तरसूची देण्याची पाळी आपल्यावर येणार आहे. म्हणून या स्वाध्यायाच्या आत काय चालते, ते मराठीच्या विद्यार्थ्याने एकदा नीट पाहिले पाहिजे.

४.२ घटना म्हणजे काय?

छापील पान वाचकाकडे पाहत नाही. आपण त्यावर बोट ठेवले, ओळ अधोरेखित केली, तरी पानाला त्याची जाणीव नसते. वेबपानाचे तसे नाही. आपण माउसची कळ दाबली, सोडली, कळफलकावरचे अक्षर दाबले, पान वर सरकवले, की ब्राउझर त्या प्रत्येक कृतीची नोंद घेतो आणि पानाला कळवतो. या कळवण्याला इव्हेंट म्हणजे ‘घटना’ असे म्हणतात. अमुक घटना घडली तर तमुक करावे, अशी सूचना जावास्क्रिप्ट या आज्ञाभाषेत आधी लिहून ठेवलेली असते. तिला घटनेची हाताळणी म्हणावे. ‘जर पाऊस आला, तर वाळवण आत घ्या’ या संकेतार्थी वाक्यासारखी तिची रचना असते. पाऊस कधी येईल ते वाक्याला ठाऊक नसते. ते फक्त वाट पाहत राहते.

एक गोष्ट येथेच लक्षात ठेवावी. घटना ज्या ठिकाणी घडते तेथेच थांबत नाही. शब्दपाटीवर घडलेली घटना तिला सामावणाऱ्या ओळीला कळते, ओळीकडून चौकटीला आणि चौकटीकडून संपूर्ण पानाला कळते. पाण्यातल्या बुडबुड्याप्रमाणे ती वर चढते. त्यामुळे पाच पाट्यांसाठी पाच वेगवेगळ्या सूचना लिहाव्या लागत नाहीत. त्यांना सामावणाऱ्या ओळीलाच एक सूचना दिली की पुरते.

४.३ उचलल्यापासून सोडेपर्यंत

माउस हे साधन डग्लस एंगेलबार्ट यांनी १९६८ मध्ये जाहीरपणे दाखवले आणि पडद्यावरच्या वस्तू ओढून हलवण्याची सवय १९८४ च्या मॅकिंतोश संगणकाने सामान्य वापरकर्त्यांना लावली. वेबपानावर मात्र ही सोय उशिरा आली. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरच्या पाचव्या आवृत्तीत, १९९९ मध्ये, तिचे जे रूप होते तेच पुढे इतरांनी उचलले आणि एचटीएमएल ५ च्या घडणीत ते प्रमाण म्हणून लिहिले गेले. एकाने आपल्या सोयीने केलेली गोष्ट पुढे सर्वांचे प्रमाण ठरते, हा अनुभव भाषेच्या अभ्यासकांना नवा नाही. या सोयीतील पुष्कळसे विचित्रपण त्या वारशातून आले आहे.

आता ‘आजीने’ ही पाटी उचलून ओळीत ठेवण्याची कृती सावकाश पाहू. पुढे येणारी घटनांची नावे प्रत्यक्ष आज्ञावलीत रोमन लिपीत लिहावी लागतात. येथे ती उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत.

वेबपानावरील चित्रे, दुवे आणि निवडलेला मजकूर मुळातच ओढता येतात. इतर कोणतीही गोष्ट ओढता यावी असे वाटत असेल, तर तिला ‘ड्रॅगेबल’ हा गुणधर्म स्पष्टपणे द्यावा लागतो. तो दिल्यावर पाटी ओढू लागताच ‘ड्रॅगस्टार्ट’ ही घटना घडते. ती उचलल्या जाणाऱ्या पाटीवर घडते. सोबत काय न्यायचे आहे, ते याच क्षणी सांगायचे असते. त्यासाठी ‘डेटाट्रान्सफर’ नावाचे एक पाकीट मिळते. त्या पाकिटात माहिती भरायची ती आत्ताच. वाटेत ते बंद असते. ज्या जागांवरून पाटी जाते त्या जागांना पाकिटावरचा प्रकार वाचता येतो, आतला मजकूर नाही. पाकीट उघडते ते सोडल्यावरच. टपालाच्या रिवाजाशी हे किती जुळते, पाहा.

पाकिटात काय भरावे, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. नवशिके बहुधा शब्दच भरतात. पण ‘ती जे बोलते ते ती करते’ या वाक्याच्या पाट्या केल्या, तर ‘ती’ दोनदा येते. पाकिटात नुसते ‘ती’ असेल, तर दोहोंपैकी कोणती पाटी उचलली हे कळणार नाही आणि भलतीच पाटी जागची हलेल. म्हणून पाकिटात पाटीचा क्रमांक भरावा. मात्र उत्तर तपासताना क्रमांक न पाहता शब्द पाहावा, कारण दोन्ही ‘ती’ची अदलाबदल केल्याने वाक्य बदलत नाही. क्रमांकानुसार तपासणारी आज्ञावली येथे बरोबर उत्तराला चूक ठरवते आणि पडद्यावरचे वाक्य पुनःपुन्हा वाचूनही विद्यार्थ्याला त्यात चूक सापडत नाही.

पाटी पानावरून सरकत असताना ती ज्या जागेत शिरते तेथे ‘ड्रॅगएंटर’, तेथून बाहेर पडली की ‘ड्रॅगलीव्ह’ आणि ती जागेवर तरंगत असेपर्यंत ‘ड्रॅगओव्हर’ या घटना घडतात. यांतील ‘ड्रॅगओव्हर’ एकदाच घडत नाही. एका सेकंदात ती अनेकदा घडत राहते. जणू ब्राउझर पुनःपुन्हा विचारतो, ‘हे येथे चालेल का?’ आणि येथेच या साऱ्या व्यवहाराची किल्ली आहे. आपण काहीच उत्तर दिले नाही, तर ब्राउझर ते उत्तर ‘नाही’ असे धरतो. पानावरची बहुतेक प्रत्येक जागा मुळात नकार देणारी असते. होकार द्यायचा असेल, तर ‘प्रिव्हेंटडिफॉल्ट’ ही आज्ञा देऊन त्या नकाराला रोखावे लागते. म्हणजे होकारासाठी वेगळा शब्दच नाही, नकाराचा नकार करावा लागतो. ‘येणार नाही असे नाही’ असे म्हणून होकार देणाऱ्या पाहुण्याची आठवण व्हावी, अशी ही रीत आहे. हा स्वाध्याय प्रथमच लिहिणाऱ्या बहुतेकांचे पहिले दोन तास येथेच जातात. सर्व काही लिहिलेले असते, पण पाटी सोडली की ती मूळ जागीच राहते. कारण एवढेच की ‘ड्रॅगओव्हर’ला होकार दिलेला नसतो.

होकार मिळालेल्या जागेवर कळ सोडली की ‘ड्रॉप’ घडते. पाकीट येथे उघडावे. येथेही ब्राउझरची मूळची कृती रोखणे आवश्यक असते, अन्यथा काही ब्राउझर सोडलेल्या गोष्टीला पत्ता समजून दुसरेच पान उघडू पाहतात. सरतेशेवटी मूळ पाटीवर ‘ड्रॅगएंड’ घडते. पाटी स्वीकारली गेली असो, नाकारली गेली असो वा वापरकर्त्याने एस्केपची कळ दाबून बेत रद्द केलेला असो, ही घटना घडतेच. उचलताना पाटीला दिलेला फिकट रंग काढून घेण्याचे काम म्हणून येथेच करावे, ‘ड्रॉप’मध्ये करू नये.

‘ओढणे’ या क्रियापदाविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बैल गाडी ओढतो तेव्हा गाडी हलते. पडद्यावर मात्र आपण ओढतो ती पाटीची धूसर प्रतिमा. मूळ पाटी जागच्या जागीच असते. ‘ड्रॉप’ घडल्यावरही ती आपोआप हलत नाही. ती नव्या जागी नेण्याची आज्ञा आपणच लिहावी लागते. ब्राउझर केवळ निरोप पोहोचवतो. निरोपाचे काय करायचे, हे पान ठरवते.

४.४ काय उचलता येते?

आता भाषेकडे वळू. शब्दांच्या ऐवजी अक्षरे जुळवण्याचा स्वाध्याय करायचा आहे, असे समजा. ‘कोल्हापूर’ या शब्दाच्या अक्षरपाट्या किती होतील? कोणीही मराठी वाचक चार सांगेल : को, ल्हा, पू, र. परंतु जावास्क्रिप्टला हा शब्द सरळ तोडायला सांगितले, तर ती नऊ तुकडे करते : क, ओकाराची मात्रा, ल, हलन्ताची खूण, ह, काना, प, ऊकार, र. युनिकोडमध्ये या नऊ चिन्हांना नऊ स्वतंत्र संकेतांक आहेत आणि यंत्र तेवढेच जाणते. अशा पाट्या पडद्यावर आल्या की सुट्या मात्रेखाली ठिपक्यांचे वर्तुळ दिसू लागते आणि विद्यार्थ्याला त्याचा अर्थ लागत नाही.

मजकुराचे वाचकाच्या दृष्टीने तुकडे पाडण्याची वेगळी सोय आता प्रमुख ब्राउझरांत आहे. तिचे उत्तर नवापेक्षा बरे येते, पण ते ब्राउझर युनिकोडची कोणती आवृत्ती पाळतो यावर अवलंबून असते. जुन्या नियमानुसार पाच तुकडे पडत : को, ल्, हा, पू, र. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षर एकसंध मानण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, २०२३ मध्ये, समाविष्ट झाला, तेव्हा कोठे ‘ल्हा’ अखंड राहू लागले.

नऊ, पाच आणि चार. हा फरक केवळ दिसण्याचा आहे असे कोणी म्हणेल, पण तसे नाही. मराठीतील न्ह, म्ह, ल्ह हे ध्वनी लिहिताना जोडाक्षर असले, तरी उच्चारात ते महाप्राणयुक्त एकेच ध्वनी आहेत, असा विचार भाषाविज्ञानात मांडला जातो आणि त्याला आधार आहे. ‘तुम्ही’ म्हणताना आपण ‘तुम्–ही’ असे तोडत नाही, ‘तु–म्ही’ असेच म्हणतो. म्हणूनच वृत्तात जोडाक्षरापूर्वीचा ‘तु’ गुरू न होता लघूच राहतो. ‘कोल्हापूर’ आणि ‘पन्हाळा’ ही आपल्या परिसरातील दोन्ही नावे याच जातीची आहेत. ‘ल्’ आणि ‘हा’ अशा दोन पाट्या विद्यार्थ्याच्या हाती देणे म्हणजे त्याने कधीही वेगळा न उच्चारलेला ध्वनी त्याला दोन भागांत दाखवणे होय.

हा पेच संगणकाने निर्माण केला असेही नाही. माझ्या लहानपणी कोल्हापूरच्या छापखान्यांत खिळे जुळवणारे कंपोझिटर दिसत. समोर खणाखणांची केस, डाव्या हातात स्टिक आणि उजवा हात न पाहता नेमक्या खणात जाणारा. उचलणे आणि ठेवणे हाच त्यांचा दिवसभराचा उद्योग होता. मात्रेसह अक्षर एकाच खिळ्यात ओतायचे की मात्रेचा खिळा वेगळा ठेवायचा, हा प्रश्न देवनागरीचे खिळे घडवणाऱ्यांपुढे शतकाहून अधिक काळ होता. अखंड खिळे केले तर खणांची संख्या वाढे, तुकडे केले तर जुळवणाऱ्याचे कष्ट वाढत आणि मात्रा तुटे. बापूराव नाईक यांनी देवनागरी मुद्राक्षरांच्या या इतिहासावर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला, तो राज्याच्या भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. आज खण पडद्यावर आले आहेत. किती तुकडे करायचे हा प्रश्न तोच आहे, फक्त त्याचे उत्तर आता कोणाच्याही ध्यानात न येता एखाद्या आज्ञेच्या पोटात दिले जाते.

शब्दांच्या पाट्या करतानाही हीच सावधगिरी हवी. ‘घरासमोर’ या शब्दाच्या ‘घरा’ आणि ‘समोर’ अशा दोन पाट्या करता येतील, परंतु ‘घरा’ हे सामान्यरूप एकटे उभे राहू शकत नाही. त्याच्या मागोमाग काही यावेच लागते. शब्दयोगी अव्यय शिकवणे हाच स्वाध्यायाचा हेतू असेल, तर अशा पाट्या जरूर कराव्यात. हेतू वाक्यरचनेचा असेल, तर ‘घरासमोर’ ही एकच पाटी असावी.

४.५ कोठे स्वीकारावे?

येथे आपण त्या तांबड्या ओळीकडे परत येऊ. पाच पाट्यांच्या १२० मांडण्या होतात. त्यांतील ११९ नाकारून एकच स्वीकारण्याची आज्ञा मी दिली होती. मराठी वाक्यात विभक्तिप्रत्यय आणि क्रियापदाची रूपे शब्दांचे नाते सांगतात. त्यामुळे शब्दांना जागा बदलण्याची बरीच मोकळीक असते. ‘घातला’ शेवटी ठेवले, तर उरलेल्या चार शब्दांच्या २४ मांडण्या होतात आणि या २४ पैकी एकीलाही अशुद्ध म्हणता येणार नाही. बदलतो तो भर. ‘अंगणात सकाळी सडा आजीने घातला’ असे म्हटले की सुनेने किंवा दुसऱ्या कोणी नव्हे, आजीने घातला, असा अर्थ ऐकू येतो. कोणताही विशेष भर नको असेल, तर ‘सडा’ क्रियापदाला चिकटून ठेवावा. तशा मांडण्या सहा. क्रियापद आधी आणणारी ‘घातला सडा आजीने’ ही धाटणी बोलण्यात सहज येते. लिहिण्यात ती विशिष्ट सुरात येते.

म्हणून उत्तरसूचीत एक वाक्य न देता अटी द्याव्यात. या स्वाध्यायापुरती अट एकच पुरे : क्रियापद शेवटी. आता त्यात ‘मोठ्या’ ही सहावी पाटी घालून पाहू. ‘मोठ्या’ ‘सडा’च्या मागे बसणार नाही, कारण तेथे ‘मोठा’ हवे. ‘मोठ्या अंगणात’ उत्तम. पण ‘मोठ्या आजीने’? तेही पूर्णपणे शुद्ध आहे! स्त्रीलिंगी नामापूर्वीही सामान्यरूपात ‘मोठ्या’च येते. फक्त अंगण मोठे न राहता आजी मोठी होते. ‘मोठ्या सकाळी’ला तर व्याकरणाची हरकत नाही, रूढीची आहे. मराठी माणूस ‘भल्या सकाळी’ म्हणतो. एका पाटीसाठी चार जागा आणि चार वेगवेगळी उत्तरे : एके ठिकाणी रूप अडवते, दुसऱ्या ठिकाणी वापर अडवतो, उरलेल्या दोन ठिकाणी काहीच अडवत नाही, केवळ अर्थ बदलतो. या चौघांना हिरवा आणि तांबडा असे दोनच रंग कसे पुरणार? आम्ही पुढे त्या स्वाध्यायातील तांबडा रंग काढून टाकला आणि ‘ड्रॉप’ घडल्यावर ओळीखाली एक वाक्य दाखवू लागलो : ‘आता मोठी कोण झाली?’ असे काहीसे. विद्यार्थी थांबून आपले वाक्य पुन्हा वाचू लागले.

ही मोकळीक अमर्याद आहे, असा समज मात्र नको. ‘मांजर उंदीर पकडते’ याच्या पाट्या उलटवून ‘उंदीर मांजर पकडते’ केले, तरी पकडणारे मांजरच राहते, कारण ‘पकडते’ हे रूप ‘उंदीर’ या पुल्लिंगी नामाशी जुळत नाही. परंतु ‘साप उंदीर खातो’ या वाक्यात दोन्ही नामे पुल्लिंगी आहेत आणि दोहोंना प्रत्यय नाही. तेथे पाट्या उलटवताच सरळ वाचनात उंदीर सापाला खाऊ लागतो. अशा वाक्यात क्रमाची अट कडक ठेवावी. कोणत्या वाक्यात ती कडक आणि कोणत्यात सैल, हे आज्ञावली लिहिणाऱ्याला आपणच सांगितले पाहिजे.

एक शेवटचे उदाहरण आपल्या बोलीतले. कोल्हापूर परिसरातील स्त्रिया ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे सर्रास म्हणतात. ‘सुमन म्हणाली, मी काल ___’ या गाळलेल्या जागेसाठी ‘आलो’ आणि ‘आले’ अशा दोन पाट्या ठेवल्या आणि ‘आलो’ नाकारली, तर आपण नेमके काय नाकारले? प्रमाण लेखनाचा सराव हा स्वाध्यायाचा हेतू असेल, तर तसे सूचनेत आधी लिहावे आणि मग ती पाटी खुशाल परत पाठवावी. हेतू सांगितलेला नसेल, तर त्या नकाराने व्याकरण शिकवले जात नाही. घरी बोलली जाणारी भाषा चूक आहे एवढेच विद्यार्थिनी शिकते. माझ्या मते, असा स्वाध्याय न दिलेला बरा.

४.६ बोट, कळफलक आणि कान

आतापर्यंतचे सारे विवेचन माउस गृहीत धरून केले. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याकडे मात्र बहुधा मोबाइल असतो. आमच्या पहिल्या सत्रात निम्म्याहून अधिक जणांनी पाटीवर बोट ठेवून ओढले आणि पाटीऐवजी पानच वर सरकले. ‘मला येत नाही’ असे म्हणून काहींनी फोन बाजूला ठेवला. वस्तुतः वर वर्णन केलेल्या घटना माउससाठी घडवलेल्या होत्या आणि स्पर्शपडद्यावरील ब्राउझर त्या दीर्घकाळ देतच नसत. आजही त्यांच्यावर विसंबू नये. त्याऐवजी ‘पॉइंटर’ घटना वापराव्यात. माउस, बोट आणि लेखणी या तिघांना एकाच रीतीने हाताळणाऱ्या या घटनांचे प्रमाण २०१५ मध्ये ठरले. त्यांत टेकणे, सरकणे आणि उचलणे अशा तीन मुख्य घटना असतात. पाटीवरून बोट सरकले तरी पान सरकवू नये, ही सूचना ब्राउझरला वेगळी द्यावी लागते. ती विसरल्यास ब्राउझर मध्येच हस्तक्षेप करून ओढणे रद्द करतो.

याहून सोपी आणि माझ्या मते अधिक माणुसकीची वाट म्हणजे ओढण्याची सक्तीच न करणे. पाटीवर एकदा टेकवले की ती निवडली जावी, जागेवर टेकवले की तेथे बसावी. हात थरथरणाऱ्या वडीलधाऱ्या विद्यार्थ्याला बोट न उचलता पाटी पडदाभर नेणे जमत नाही. वेबपाने सर्वांना वापरता यावीत म्हणून असलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या २.२ या आवृत्तीत, ऑक्टोबर २०२३ पासून, ओढण्याच्या प्रत्येक कृतीला न ओढता करण्याचा पर्याय असावा असा निकष आहे. केवळ कळफलकानेही सारे करता यावे, ही अपेक्षा तर त्याहून जुनी आहे.

दृष्टिहीन विद्यार्थी पान कानांनी वाचतो. त्याच्यासाठी पाटी बसताच ‘आजीने हा शब्द पहिल्या जागी ठेवला’ असे वाक्य पडदावाचकाला द्यावे. पानाची भाषा मराठी असल्याची नोंद आज्ञावलीत केलेली असावी. ती नसेल, तर ते वाक्य भलत्याच भाषेच्या उच्चारात ऐकू येण्याचा संभव असतो आणि ‘ळ’ सारख्या अक्षराची त्यात काय गत होईल, ते सांगायला नको.

४.७ स्वाध्याय

यासाठी संगणक लागणार नाही. कात्री, जुनी वही आणि घरातील एक माणूस पुरे. आपल्या बोलण्यातील पाच किंवा सहा शब्दांचे एक वाक्य निवडा आणि प्रत्येक शब्दाची चिठ्ठी करा. चिठ्ठ्या विस्कटून घरातील व्यक्तीपुढे ठेवा, मूळ वाक्य सांगू नका. तिने केलेली प्रत्येक मांडणी लिहून घ्या आणि त्या मांडणीत कशावर भर पडतो, ते तिलाच विचारा. आपल्याला चूक वाटलेली एखादी मांडणी तिला बरोबर वाटली, तर तिच्यापुढे फुली मारू नका. तशी मांडणी आपण कोणत्या प्रसंगी कराल, हे तिला विचारा आणि तो प्रसंग शेजारी लिहा. नंतर या नोंदींवरून त्या वाक्याची उत्तरसूची अटींच्या रूपात तयार करा व पुढील संपर्कसत्राला येताना चिठ्ठ्यांसह सोबत आणा.